मोदेनाच्या मास्सिमो बोत्तुरांना शाल-श्रीफळ: सल्ला हवा आहे

कुरडई
मी मिलानला असते. आईबाबा सप्टेंबरात येताहेत. बाबांनी नारायण पेठेत २८ वर्षं खानावळ चालवली. गुडघे गेले तशी बंद केली. त्यांनी टीव्हीवर इटलीतल्या मोदेना गावच्या ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ या रेस्टॉरंटबद्दल आणि ते चालवणाऱ्या शेफ मास्सिमो बोत्तुरांबद्दल पाहिलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेवटचे दोन लिंबाचे टार्ट उरलेले, त्यातला एक स्वयंपाक्याच्या हातून पडला, आणि बोत्तुरांनी आरडाओरडा न करता तो फुटलेला टार्टच नवी डिश म्हणून मांडला! बाबा म्हणतात, "माझ्या हातून असं झालं असतं तर मी पोऱ्याला हाकललं असतं. या माणसाचा सत्कार करायचा. शाल-श्रीफळ मी आणतो."
तर, टेबल मिळतं का? आई शाकाहारी आहे (अंडं चालतं), तिचं काय? आणि नारळ आणता येतो का? हसू नका, ते गंभीर आहेत.

बोलोन्याचा_बाळ्या
हसलो. माफ करा.
टेबलाचं आधी. जेमतेम डझनभर टेबलं आणि जगभरातून टपून बसलेले लोक. बुकिंग ऑनलाइन, उघडलं की बघता बघता संपतं. माणशी ३०० युरोच्या वर धरा, वाईन वेगळी. नाही मिळालं तर ‘फ्रांचेस्केत्ता ५८’ त्यांचंच, साधं आणि खिशाला झेपणारं. बोलोन्याहून मोदेना रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. सकाळी लवकर निघा, आल्बिनेल्ली मंडई बघा. १९३१ची, छपराखालची. काकांना हॉटेलापेक्षा तिथेच जास्त वेळ लागेल, लिहून देतो.

मेथकूट
आईंसाठी नीट वाचा, इथे सगळे फसतात. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे इकडचं प्रसिद्ध चीज, शाकाहारी नाही. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, आणि तो नियमच आहे, त्याशिवाय ते नावच लावता येत नाही. ‘पालक-रिकोत्ताचे तोर्तेल्लोनी’ (सारण भरलेला पास्ता) मेनूवर बघून आपण खूश होतो, पण सारणात हेच चीज असतं. तोर्तेल्लिनी (त्याचाच छोटा प्रकार) तर सोडाच, आत डुकराचं मांस आणि मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराचंच सॉसेज. ‘न्योक्को फ्रित्तो’ दिसायला हुबेहूब आपली फुगलेली पुरी; माझ्या सासूबाई दोन खाऊन मोकळ्या झाल्या, मग कळलं की पारंपरिक पद्धतीत ती चरबीत तळतात. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बुकिंग करतानाच "चीजसुद्धा नको" असं स्पष्ट कळवा.

तिरकस_तात्या
रेस्टॉरंटांना मानाचे समजले जाणारे मिशेलिन स्टार, तेही तीन, २०१६ आणि २०१८ मध्ये जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला नंबर. त्यांना नारायण पेठेतल्या शालीची काय कमी?

मेथकूट
तात्या, १९९५ला सुरू केलं तेव्हा गावकऱ्यांनी कमी शिव्या नाही दिल्या. ताटात मोजून सहा तोर्तेल्लिनी, रश्श्याकडे चालत निघाल्यासारख्या मांडलेल्या! आपल्याकडे कोणी मोदकाचं असं केलं तर काय होईल? आणि २०१२च्या मे महिन्यात मोदेनाच्या भागात भूकंप झाला, मांडण्या कोसळून पार्मिजानोची तीन लाखांवर चाकं, एकेक चाळीस किलोच्या आसपासचं, खराब झाली. तेव्हा या माणसाने मिरं आणि पार्मिजानो घातलेल्या रिसोत्तोची कृती जगभर पोचवली, म्हणजे आपला गुरगुट्या भातच म्हणा. लोकांनी तो भात करावा, म्हणजे फुटकं चीज खपेल. २०१५च्या मिलान एक्स्पोत उरलेलं अन्न आणून ग्रेको भागातल्या जुन्या थिएटरात बेघरांना नीट टेबलावर बसवून वाढलं. पडलेला टार्ट, फुटलेलं चीज, उरलेला पाव. मला तरी ही एकच गोष्ट दिसते. शाल हवीच.

नारळीभात
नारळाचं मी सांगते. युरोपीय संघात बाहेरून फळं आणायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण पाच फळांना सूट आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि (ढोल वाजवा) नारळ! सुकं खोबरं मात्र सामानात टाकू नका, ते पेट घेतं म्हणून विमानतळावर काढतात. नारळाचंही विमान कंपनीला आधी विचारा. पेढे, तूप, दुधाचं काहीही नको, कस्टममध्ये जाईल.

कुरडई
सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. टेबल नाहीच मिळालं, तीनदा प्रयत्न केला. आता मंडई, फ्रांचेस्केत्ता आणि ‘तोर्तेल्लान्ते’ ठरलंय. तिथे स्वमग्न मुलं हाताने तोर्तेल्लिनी वळायला शिकतात. बाबांना त्यांच्या बोटांकडे बघायचंय. आईचा डबा मी घेणार.
शाल आणि नारळ, सोबत बाबांचं पत्र, स्तेल्ला गल्लीत, ओस्तेरिया फ्रांचेस्कानाच्या दारात देऊन येऊ. पत्र मराठीत लिहून झालंय, इटालियन मी करतेय. पहिल्याच ओळीला अडलेय: "मीही २८ वर्षं खानावळ चालवली." खानावळीला काय लिहू?

बोलोन्याचा_बाळ्या
‘ओस्तेरिया’ लिहा की!

तिरकस_तात्या
ओस्तेरिया मुळात वाईनचा गुत्ता, जेवण नंतर आलं. ‘त्रात्तोरिया’, म्हणजे साधं घरगुती जेवणाचं ठिकाण, जवळचं.

कुरडई
बाबांना विचारलं. म्हणाले, "गुत्ता तर गुत्ता. त्यांच्या दारावर जे लिहिलंय तेच लिही."