यू-बूटच्या विकासात सहभाग: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: यू-बूट या मुक्तस्रोत बूटलोडरमध्ये (यंत्र सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिम चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुधारणा करण्याची इच्छा आहे, परंतु सदोष कोड चढवून बोर्डच निकामी होईल, अशी धास्ती वाटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: आधी 'सँडबॉक्स' बिल्ड करावे, म्हणजे यू-बूट लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमसारखे चालते आणि कमांड, फाइल सिस्टिम यांच्या चाचण्या बोर्डाला हात न लावता घेता येतात.

उत्तर २: सहमत, मात्र एसपीएलचे (मुख्य यू-बूट चढवणाऱ्या छोट्या आरंभीच्या टप्प्याचे) खरे दुखणे तेथे कळत नाही. डीरॅम (मुख्य मेमरी) सुरू होण्यापूर्वी चालणारा हा टप्पा बहुधा चिपमधील तुटपुंज्या एसरॅम या मेमरीतच बसवावा लागतो, त्यामुळे एखादा ड्रायव्हर वाढवला तरी आकार मर्यादेबाहेर जाऊ शकतो. एसडी कार्डावरून बूट होणारा बोर्ड घ्यावा. बिघडल्यास कार्ड पुन्हा लिहिता येते.

उत्तर १: पॅच (कोडमधील बदल) ईमेलने पाठवण्यापूर्वी कोडची मांडणी तपासणारे 'चेकपॅच' चालवावे, अन्यथा परीक्षणाचा वेळ मोकळ्या जागा मोजण्यातच जातो.