पिवळे बेदाणे खाल्ले की आईला धाप लागते, सल्फाइटचं टेस्टिंग नक्की कसं करतात?

मधुरा_सातारा:
आईचं वय ६४, दमा जुना आहे. गेल्या महिन्यात शिऱ्यासाठी पिवळेजर्द बेदाणे आणले, तिनं मूठभर नुसतेच खाल्ले आणि पंधरा-वीस मिनिटांत छातीत घरघर सुरू, पंप घेतल्यावर थांबलं. परवा परत तेच झालं. पाकिटावर बारीक अक्षरात आयएनएस २२० लिहिलंय, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सल्फाइट गटातलंच. पण याला परवानगी आहे म्हणजे तपासूनच दिली असेल ना, मग आईलाच का त्रास? घरी तपासता येतं का?

शेडवाला_तासगाव:
ताई, आमची बेदाण्याची शेड आहे म्हणून सांगतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकतो, साधारण पंधरा दिवसांत वाळतात, तोवर गंधक कुठंच नसतं. पिवळा माल पाहिजे असला की मग बंद जागेत गंधक जाळून धुरी द्यायची. दार उघडल्यावर तो वास असा नाकात चढतो की आमच्या धडधाकट माणसांनाही ठसका लागतो. आईंना काळे मनुके द्या, आमच्या शेडवर तरी त्याला धुरी देत नाही.

लॅबवाली:
मी फूड लॅबमध्ये काम करते. आम्ही बेदाणे वाटून आम्लात उकळतो, निघालेला वायू नायट्रोजनबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडतो, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते किती झालं ते टायट्रेशननं, म्हणजे अल्कली थेंबथेंब घालून, मोजायचं, याला मोनियर-विल्यम्स पद्धत म्हणतात. घरी हे होणार नाही, आणि धुऊनही सगळं जात नाही कारण बरंचसं साखरेला बांधलं गेलेलं असतं.

आता परवानगीचं. दिवसाला किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा उंदरांवरच्या प्रयोगातून आली, किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत पोटाला इजा दिसली नाही म्हणून सुरक्षिततेसाठी त्याला १०० नं भागलं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम, आणि बेदाण्यात १००० पीपीएम (किलोमागे १००० मिलिग्रॅम) असेल तर ४२ ग्रॅममध्येच कोटा संपला, एक मोठी मूठ! २०२२ मध्ये युरोपच्या एफ्सा या अन्न सुरक्षा संस्थेनं तर पुरावा अपुरा आहे म्हणून ही ०.७ ची मर्यादाच मागे घेतली. पण तुमच्या आईसाठी मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, तो आकडा दमेकऱ्यांसाठी काढलेलाच नाही. दम्याच्या शंभर रुग्णांत तीन ते दहा जणांना सल्फाइट बाधतं आणि हे उंदराच्या पोटात बघून कळत नाही.

श्वास_मोकळा:
मला हाच त्रास आहे. माझी टेस्ट हॉस्पिटलमध्ये झाली, सल्फाइटच्या कॅप्सूल थोड्या थोड्या वाढवत दिल्या आणि दर वेळी नळीत फुंकायला लावून श्वास मोजला, शेजारी इंजेक्शन तयार ठेवून. घरी "थोडं खाऊन बघू" अजिबात करू नका प्लीज! पाकिटावर २२० ते २२८ मधला कुठलाही नंबर दिसला की मी ठेवून देतो. १० पीपीएम किंवा जास्त असेल तर सल्फाइट लिहावंच लागतं, पण सुटे बेदाणे घेतले तर कागदाच्या पुडीवर काय वाचणार? गुळाचंही बघा, पिवळाधमक असेल तर हायड्रॉस पावडर (गूळ उजळ करणारं गंधकाचंच रसायन) घातलेली असू शकते.

मधुरा_सातारा:
बापरे, परवाच्या लाडवातला गूळ पिवळाधमकच होता. बेदाण्याचं पाकीट फेकलं नाहीये, सोमवारी आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेतेय तेव्हा तेही घेऊन जाते. शेडवाले दादा, काळे मनुके थेट तुमच्याकडून मिळतील का?