मोटरहोमच्या बाथरूमचा फ्लोअर दबतोय: प्लाय बदलायचा की वरून फायबर?

हर्णैकर:
टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम आहे, गाडी दापोलीजवळ उभी असते. बाथरूम ३ फूट बाय अडीच. कमोडपुढे पाय दिला की फ्लोअर दबतो, विनाइलची कड काळी पडलीय, कुबट वास येतो. खाली १२ मिमीचा साधा प्लाय आणि लोखंडी चॅनल. मिस्त्री म्हणतात, वरून फायबर (काचतंतूचं कापड आणि रेझिनचा थर) मारून टाकू, दोन दिवसांचं काम. गणपतीआधी गाडी हवीय. चालेल का?

रंधा:
नाही चालणार. कुजक्या प्लायवर फायबर मारलं की ओल आत कोंडते, प्लायचा लगदा होतो आणि चॅनल गंजतो.

आधी गळती शोधा. सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा. पाणी न वापरता पंप मधूनमधून घुरघुरला, तर प्रेशर लाइनचा जोड गळतोय, नाहीतर पंपाचा वॉल्व गेलाय. गप्प राहिला, तर शॉवर ट्रेच्या ड्रेनला बूच मारून इंचभर निळीचं पाणी भरा आणि दोन तास थांबा. बूच असतानाच खाली निळं उतरलं, तर ट्रेला तडा आहे किंवा ड्रेनची कॉलर सैल. बूच काढल्यावर उतरलं तर खालचा पाइपजोड. कमोडचं सील वेगळं बघा, बरेचदा तेच निघतं.

मग कमोड, ट्रे, विनाइल काढा आणि टोच्याने दर दोन इंचांवर टोचत जा. टोच्या सहज घुसतो तिथवर कुजलंय. त्यापुढे आणखी तीन इंच कापा, जोड चॅनलवर येईल असा. कटरचं पातं १२ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, खाली वायरिंग असतं. चॅनल तारेच्या ब्रशने घासून एपॉक्सी झिंक प्रायमर मारा. नवा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन प्लाय घ्या. पण मरीन म्हणून कडा उघड्या सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं. बसवण्याआधी दोन्ही बाजू, कडा आणि ड्रेनचं भोक, सगळीकडे एपॉक्सी रेझिनचे दोन हात. रस्त्याचं पाणी खालूनही उडतंच.

चटईवाला_मिरकरवाडा:
प्लाय बदलल्यावर फायबर जरूर मारा. फक्त होडीवाल्यांकडचं पॉलिएस्टर रेझिन नको, लाकडाला ते एपॉक्सीइतकं धरत नाही. एपॉक्सीबरोबर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं विणलेलं काचकापड घ्या, सुट्या तंतूंची साधी चटई नको. तिचे तंतू चिकटवून धरणारा बाइंडर एपॉक्सीत नीट विरघळत नाही. कोपऱ्यात सिलिका पावडर घातलेल्या रेझिनची गोलाई करा, कापडाचे दोन थर भिंतीवर चार इंच चढवा. तुमच्या मापाला सगळं मिळून दीड किलो रेझिन पुरतं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर काट्यावर तोलूनच. जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतो.

दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट पांढरी साय येते. साध्या पाण्याने पुसा, मग पॉलिश पेपर मारा. नाहीतर पुढचा थर सोलून येणार.

हर्णैकर:
पाऊस थांबायला तयार नाही. राहिलेला प्लाय वाळवू कसा?

रंधा:
खिडक्या उघडून तर अजिबात नाही. बाहेरची आर्द्रता ९० टक्क्यांवर असली की लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आसपासच अडकते, आणि बुरशीला तेवढी पुरते. गाडी बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) आणि पंखा लावा. मॉइश्चर मीटर लाकडात १५ टक्के किंवा कमी ओल दाखवेपर्यंत रेझिन उघडू नका. दोन दिवसांचा हिशेब विसरा, दोन आठवडे धरा.

चटईवाला_मिरकरवाडा:
आणखी दोन गोष्टी. कमोडच्या स्क्रूसाठी भोक मोठं पाडून एपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडा. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. आणि ट्रेच्या कडेला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड लोखंड खातं. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ते दिवसाला साधारण ३ मिमी सुकतं, तोवर शॉवर बंद.