अडीच हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड: टीव्हीएस गोल्ड घ्यावा की हॉट-स्वॅप?

टंकू_कारकून
लिपिक-टंकलेखक पदाची तयारी चालू आहे. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. घरातल्या मेम्ब्रेन (बटणांखाली रबरी पडदा असलेल्या) कीबोर्डचा स्पेसबार अडकतो. बजेट अडीच हजार, फार ताणलं तर तीन. माझं मत सरळ आहे: ऑफरमध्ये टीव्हीएस गोल्ड गाठायचा. दिवेबिवे नाहीत, पण प्रत्येक बटणाखाली चेरी कंपनीचा टकटक वाजणारा एमएक्स ब्लू स्विच आणि पूर्ण आकार. कोणाला पटत नसेल तर कारण सांगा.

रात्रपाळी
मला नाही पटत. गोल्डचे स्विच सोल्डर केलेले. एक गेला की सोल्डरिंग आयर्न घेऊन बसा. त्याच पैशात ७५ टक्के लेआउटचा (नंबरपॅड नसलेला, आटोपशीर) हॉट-स्वॅप येतो: स्विच पुलरने उपटा, नवा दाबून बसवा. चेरीचं मूळ पेटंट केव्हाच संपलं, गॅटेरॉन-आउटेमूवाले त्याच नमुन्याचे स्विच स्वस्तात विकतात. नावाचे पैसे कशाला?

ळ_शिफ्ट_एन
रात्रपाळी, अर्धंच सांगितलंत. स्वस्त हॉट-स्वॅपमध्ये बऱ्याचदा आउटेमूच्या मापाचे अरुंद सॉकेट असतात. गॅटेरॉनची पिन जाड, जोर लावला की वाकते. शिवाय बोर्ड तीन पिनींचा असेल तर पाच पिनींच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात. म्हणजे 'कुठलाही स्विच लावा' हे खोक्यावर लिहिण्यापुरतं.

आणि दिव्यांवर भाळू नका. पैसे कीकॅपवर घाला. एबीएस प्लास्टिक वर्षभरात तेलकट चकाकायला लागतं, पीबीटी प्लास्टिक बराच काळ खरखरीत राहतं.

दोन_खोल्या_सहा_माणसं
ब्लू?? रात्री अकराला सराव करून दाखवा, आई कीबोर्डसकट जिन्यात बसवेल. रेड स्विच घ्या, आवाज कमी. ४५ ग्रॅमला दबतो, ब्लूला ६०.

ळ_शिफ्ट_एन
रेड गेमिंगला. चार मिलिमीटरच्या प्रवासात दोनवरच अक्षर उमटतं आणि बोटाला काही कळत नाही. बोट टेकवून बसायची सवय असलेल्याला नुसता ताप. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगच्या लेआउटमध्ये) हलन्त 'डी'वर आहे, डाव्या हाताचं मधलं बोट कायम तिथेच. नको तिथे हलन्त पडला की जोडाक्षरांचा खिचडा. ब्राउन स्विच बघा: बोटाला टोचा लागतो, टकटक नाही.

रात्रपाळी
ब्राउन म्हणजे वाळू गेलेला रेड. 😄

सरकारी_खुर्ची
अहो, परीक्षेला कीबोर्ड केंद्राचा असतो ना? तिथे काय पुढ्यात येईल याचा नेम नाही. मेम्ब्रेन आला तर ब्लूची सवय लागलेली बोटं अडखळणार. पाचशेचा साधा घ्या, उरलेले टायपिंग क्लासला द्या.

टंकू_कारकून
सर, नोकरी लागली तरी रोज टायपिंगच करायचंय. परीक्षेआधीचे पंधरा दिवस मेम्ब्रेनवर बसेन. पण ब्लूचा मुद्दा मान्य, आमचीही घरं चिकटून आहेत. ब्राउन, पीबीटी, वायरवाला. ६१ बटणांचे स्वस्त दिसतायत, चालेल?

ळ_शिफ्ट_एन
नको. बाणांसाठी दरवेळी एफएन दाबावं लागेल, चूक सुधारताना वैताग येतो. ८७ बटणांचा टीकेएल (नंबरपॅड नसलेला, पण बाणांची बटणं असलेला) बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन शिफ्ट, एंटर, स्पेसबार वाजवून पाहा. स्वस्तातला माल तिथेच खडखडतो.

रात्रपाळी
दुकानदार सीलबंद खोकं फोडून देतोय होय! ऑनलाइन मागवा, फक्त परत घेण्याची मुदत बघून.