मदत हवी आहे: रानअळंबी उंचीचं ऐकते की पावसाचं?

नमस्कार मंडळी. रानअळंबी कुठे आणि कधी उगवते याची वही ठेवतोय (खायला नाही, नुसत्या नोंदी!) आणि एका कोड्यात अडकलोय.

1000 मीटर वर चढलं की हवा साधारण 6.5 अंशांनी गार होते. वसंतातली गुच्छी (मोरेल, एक रानअळंबीच) आधी पायथ्याशी आणि मग काही आठवड्यांनी वर दिसते, कारण वरची माती उशिरा तापते. हे पटलं. पण शरदात येणाऱ्या बऱ्याच जातींना गारवा हवा असतो, म्हणजे त्या आधी वर आणि नंतर खाली यायला हव्यात ना? माझ्या नोंदी इतक्या सरळ नाहीत. पाऊस तोच, उंची तीच. वारा खाणाऱ्या उघड्या उतारावर एकही नाही, शेजारच्या सावलीच्या घळीत मात्र गर्दी.

त्यात झाडांचा घोळ. काही बुरशी ओक किंवा पाइनच्या मुळांशीच जोडलेल्या असतात. झाड संपलं की त्याही संपल्या. मग मी नेमकं काय मोजतोय, उंची की झाडांची हद्द?

पावसानंतर किती दिवसांनी फेरी मारता? मातीचं तापमान किती खोलीवर घेता?