मदत हवी आहे: मुलाला गोळी न देता काही उपाय आहे का? (तातडीचं)

कराडची_ओवी | रविवार, रात्री 11.40
बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मुलाला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे. एवढ्या लहान वयात मेंदूवरची गोळी द्यायला आमचं मन घेत नाही. गोळीशिवाय कोणाच्या मुलाला फरक पडला असेल तर काय केलं ते सविस्तर सांगा. योग, आयुर्वेद, समुपदेशन, पथ्य, काहीही चालेल. गुरुवारी परत दाखवायचं आहे, त्याआधी ठरवायचं आहे. 'डॉक्टरांचं ऐका' एवढंच कृपया लिहू नका, ते घरातही रोज ऐकते.

आडवाट | रविवार, रात्री 11.58
ताई, मुलाला होतंय काय तेच लिहायचं राहिलं. वय किती, गोळी कुठली?

पाटावरवंटा | सोमवार, सकाळी 6.15
ब्राह्मी घृत सकाळी अनशेपोटी कोमट दुधातून, रात्री शंखपुष्पी. माझ्या पुतण्याचा चंचलपणा सहा महिन्यांत गेला. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनही सुरू करा.

आडवाट | सोमवार, सकाळी 7.02
@पाटावरवंटा, मूल चंचल आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नाही.

व्यायामशाळा | सोमवार, सकाळी 7.30
मोबाइल काढून घ्या आणि मल्लखांबाला घाला. मी बावीस वर्षं मुलांना शिकवतोय. खांबावर चढलेल्या मुलाला इकडेतिकडे बघायची सोय नसते, लक्ष आपोआप लागतं. संध्याकाळी दीड तास दमून आलेलं मूल शांत झोपतं.

कराडची_ओवी | सोमवार, सकाळी 9.10
चंचल नाहीये तो. अभ्यासात चांगला आहे. आठ वर्षांचा आहे, तिसरीत. दिवाळीपासून सारखे डोळे मिचकावतो. आधी वाटलं चष्मा लागला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पंधरा दिवसांत थांबलं. मग मान उडवायला लागला आणि आता घशातून 'हं हं' असा आवाज काढतो. खोकला म्हणून दोन सिरप झाली. आम्ही दिवसातून पन्नास वेळा सांगतो की नको करू. दोन मिनिटं थांबतो, मग आधीपेक्षा जास्त करतो. शाळेत बाईंनी वर्गाला हसवतो म्हणून दोनदा बाहेर उभं केलं. सासूबाईंनी नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटांत गोळी लिहिली. आता सांगा.

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी 9.45
ताई, हे वाचताना माझ्याच घरातलं वाचतेय असं वाटलं. याला टिक म्हणतात. खोड नाही, नाटक नाही, बाहेरचं तर अजिबात नाही. माझा मुलगा आता सोळाचा आहे. सातव्या वर्षी डोळ्यांपासून सुरू झालं, मग नाक, मग खांदा. दहा-अकराव्या वर्षी कळस होता, नववीपासून ओसरत गेलं. बहुतेक मुलांचा आलेख असाच असतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टिक आपोआप चढते-उतरते. काही आठवडे जोरात, मग कमी, मग नवीन जागी. आपण उपाय शोधायला धावतो ते ती टोकाला असताना, आणि ओसरायची वेळ आली की हातात जे असेल त्याला श्रेय जातं. आमच्याकडे ते श्रेय आधी थेंबांना गेलं, मग होमिओपॅथीला, मग गव्हाची पोळी बंद केली त्याला. पुढची लाट आली की प्रत्येक वेळी आम्हीच खचायचो. तुमचे थेंबही त्यातलेच.

आणि 'नको करू' म्हणणं आजपासून बंद करा. शिंक दाबल्यासारखं असतं ते. दाबता येतं, पण आतला जोर वाढत जातो.

पाटावरवंटा | सोमवार, सकाळी 10.20
टिक म्हणजे वाताचा प्रकोप. नस्य आणि शिरोधारा करा. हजारो वर्षांचं शास्त्र आहे, त्याला योगायोग म्हणून उडवून लावू नये.

आडवाट | सोमवार, सकाळी 10.41
2004 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या दुकानांत मिळणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी आली होती. 14 मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूला शिसं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. 'औषध नको' म्हणून हे द्यायचं, तर हेही औषधच आहे.

पाटावरवंटा | सोमवार, सकाळी 11.05
ती दुकानातली तयार औषधं होती. मी जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखाली म्हणतोय. भेसळ दुधातही असते, म्हणून कोणी दूध सोडतं का? आणि शिरोधारेत पोटात काहीच जात नाही.

निळासावळा | सोमवार, सकाळी 11.30
निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या. माझी भाची ऑनलाइन क्लासमुळे डोळे चोळायची, तिला फरक पडला. शिवाय शाळा बदलायचा विचार असेल तर सेमी इंग्रजीच बरं, तिसरीतून सीबीएसईत नेलं की मुलं गोंधळतात.

सह्याद्रीकाठ | सोमवार, सकाळी 11.52
सीबीएसईत मुलं गोंधळतात हे कोणी ठरवलं? आमची दोन्ही मुलं चौथीत बदलली, एका वर्षात रुळली.

टेम्सकाठ | सोमवार, दुपारी 1.15
लंडनहून लिहितेय. बोर्डाचा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या ना.

ओवीताई, गोळीशिवायचा उपाय तुम्ही विचारलात आणि टिकवर तो खरंच आहे. सीबीआयटी म्हणतात, टिकसाठीचं वर्तन-प्रशिक्षण. 2010 मध्ये जामामध्येच त्याची चाचणी आली. 9 ते 17 वयाची 126 मुलं, दहा आठवड्यांत आठ सत्रं. हे प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी 52.5 टक्के मुलांत चांगली सुधारणा, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत 18.5 टक्के. तुमचा मुलगा वयाने थोडा लहान आहे, पण माझ्या मुलीने आठव्या वर्षीच सुरू केलं होतं.

टिक यायच्या आधी त्या जागी काहीतरी जाणवतं. माझी मुलगी म्हणायची, खांद्यात सोडा फसफसतो. ती जाणीव ओळखायला शिकवतात. मग टिक करता येणारच नाही अशी दुसरी, कोणाच्या लक्षात न येणारी हालचाल मिनिटभर किंवा ओढ ओसरेपर्यंत धरायची. घशाच्या आवाजाला तोंड मिटून नाकाने संथ श्वास. मान उडत असेल तर हनुवटी थोडी खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताठ. बक्षीस द्यायचं ते सराव केल्याचं. टिक झाली नाही म्हणून कधीच नाही, नाहीतर मूल घरात दाबून ठेवतं. इथे प्रत्यक्ष थेरपिस्टसाठी रांग लांब होती, आम्ही ऑनलाइन केलं. 2021 मध्ये 224 मुलांवर ऑनलाइन उपचाराची ब्रिटिश चाचणी झाली, तिचाही निकाल चांगला आला. म्हणजे कराडात बसूनही जमेल.

व्यायामशाळा | सोमवार, दुपारी 1.40
मल्लखांबावर असताना टिक येत नाही, मी दोन मुलांत स्वतः पाहिलंय.

शेवग्याची_शेंग | सोमवार, दुपारी 1.55
@व्यायामशाळा, हे खरं असू शकतं. माझा मुलगा तबल्याला बसला की तासभर काही नसायचं. अंग आणि मन एकाच कामात गुंतलं की टिक कमी होते. पण क्लासवरून घरी आलो की जिन्यातच सुरू. आवडत असेल तर जरूर घाला, मूल कशात तरी चांगलं आहे हे त्याला कळणं फार मोठं आहे. बरं करायला म्हणून नको. अमेरिकेचा माजी गोलकीपर टिम हॉवर्ड याला टूरेट (वर्षाहून जास्त टिकणाऱ्या टिकचा प्रकार) आहे, तो 2014 चा विश्वचषक खेळला. माझ्या मुलाच्या भिंतीवर त्याचा फोटो अजून आहे.

दवाखाना_विदर्भ | सोमवार, दुपारी 2.30
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूल तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. गोळीचं नाव काय? सुरू केली होती का, केली असेल तर किती दिवस? आज देताय की बंद केली?

बाकी, टूरेट म्हणायला हालचालींच्या आणि आवाजाच्या अशा दोन्ही टिक लागतात आणि वर्ष उलटावं लागतं. तुमचं अजून वर्ष झालेलं नाही. टिकचा मुलाला स्वतःला त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. त्याला त्रास होतोय की तुम्हाला?

कराडची_ओवी | सोमवार, दुपारी 3.20
गोळी क्लोनिडीन. तीन आठवडे दिली. वर्गात झोपायला लागला म्हणून शनिवारपासून मीच बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही, गुरुवारी सांगणारच होते. त्रास त्यालाही होतो, मान दुखते म्हणतो. आज दुपारपासून डोकं दुखतंय म्हणून शाळेतून लवकर आणलंय.

दवाखाना_विदर्भ | सोमवार, दुपारी 3.24
ताई, हे वाचताक्षणी डॉक्टरांना फोन करा. क्लोनिडीन एकदम बंद केलं की रक्तदाब उसळू शकतो. डोकेदुखी, धडधड, घाम, बेचैनी ही त्याचीच लक्षणं असतात. फोन लागला नाही तर जवळच्या बालरुग्णालयात नेऊन रक्तदाब मोजून घ्या आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. स्वतःच्या मनाने पुन्हा गोळी देऊ नका. ही गोळी थांबवता येते, पण पायरीपायरीने.

शेवग्याची_शेंग | सोमवार, दुपारी 3.31
ओवी, निघालात का? कळवा.

पाटावरवंटा | सोमवार, दुपारी 4.05
माझी सगळी सूचना सध्या बाजूला ठेवा. आधी रक्तदाब बघा. सुरू असलेली गोळी कोणी बंद करा म्हटलं नव्हतं, पण मीही आधी विचारायला हवं होतं.

कराडची_ओवी | सोमवार, रात्री 9.15
आलो परत. रक्तदाब वाढलेला होता, दोन तास तिथेच बसवून ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि कमी करत न्यायचा तक्ता कागदावर लिहून दिला. आमचे डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, झोप येते हे आधी कळवलं असतं तर तेव्हाच कमी केली असती. सीबीआयटीचं विचारलं तर हो म्हणाले, इथे शिकवणारं कोणी माहीत नाही, पुण्यात चौकशी करतो. आता झोपलाय. मी मात्र हात धुवायला गेले तर नळ बंद करायचं विसरून तिथेच उभी होते.

टेम्सकाठ | सोमवार, रात्री 9.50
टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवरही विचारा, 14416. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जवळ कोण आहे हे कदाचित तिथून कळेल. आणि आज जेवून झोपा.

आडवाट | मंगळवार, सकाळी 8.05
शाळेचा विषय सुटतोय. टिकमुळे मुलाला बाहेर उभं करणं चुकीचं आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

शेवग्याची_शेंग | मंगळवार, सकाळी 8.40
@आडवाट, कलम खरं आहे, पण पहिल्याच भेटीत कायदा दाखवला तर बाई वर्षभर मुलाकडे त्याच नजरेने बघतील. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले होते आणि तीनच गोष्टी मागितल्या. टिककडे लक्ष देऊ नका, शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू द्या, फार वाढलं तर पाणी प्यायला जाऊ द्या. बाईंना खरंच माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं मुद्दाम करतो. ऐकलं नाही तर मग तक्रार.

कराडची_ओवी | बुधवार, रात्री 10.30
कालपासून एकदाही 'नको करू' म्हटलं नाही. मिस्टरांनाही सांगितलं. सासूबाई दोनदा बोलल्या, मग पदर तोंडाला लावून उठून आत गेल्या.

आज संध्याकाळी त्याला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झोपवलं आणि पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ काढली. विचारलं, मान उडायच्या आधी कुठे काय होतं? मला वाटलं काही सांगणार नाही. त्याने लाल खडू घेतला, उजव्या कानाच्या खाली एवढासा ठिपका काढला आणि म्हणाला, इथे मुंगी येते, मान उडवली की जाते. घशात काय होतं विचारलं तर म्हणाला, तिथे मुंगी नाही, तिथे शेवयाची खीर अडकते. आठ महिने आम्ही त्याला ओरडत होतो आणि हे कोणी विचारलंच नव्हतं.

उद्या कागद डॉक्टरांना दाखवायला नेतेय. एक विचारायचं राहिलं. हनुवटी खाली घ्यायची ती मुंगी आल्या आल्या की थोडी वाट बघून?

टेम्सकाठ | बुधवार, रात्री 11.10
आल्या आल्या. आणि आधीच मान उडाली तरी लगेच घ्यायची. पण थेरपिस्ट मिळेपर्यंत एकाच टिकवर, रोज दहा मिनिटं, त्याचं मन असेल तरच. खीर सध्या राहू द्या.