डोंगरातली, नदीकाठची, गाड्या नसलेली सायकलवाट सुचवा (सप्टेंबर, सहा दिवस)

त्रिमूर्तीनगरवाली

नमस्कार मंडळी. मी ५२, नवरा ५५, दोघंही नागपूरचे. सहा वर्षांपासून पहाटे सायकल चालवतो. दोघांच्या रोडबाईक, २८ मिमी रुंदीचे टायर, रविवारी ६०-७० किमी सहज होतात. गेल्या पावसाळ्यात रिंग रोडवर एक ट्रक इतका चिकटून गेला की तेव्हापासून मागून हॉर्न आला तरी माझे खांदे कानाला लागतात.

लेक म्युनिकला असते. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जातोय, त्यातले सहा दिवस सायकलसाठी ठेवलेत. दोन्हीकडे डोंगर, मधून नदी, शक्यतो डांबरी वाट आणि गाड्या अजिबात नकोत. नवऱ्याला मात्र "एक तरी खराखुरा घाट" हवाय. मला घाट नको. दोघांचं भागेल असं काही आहे का? सायकली तिथेच भाड्याने घेऊ. आगाऊ धन्यवाद.

पॅडलपंत

डोळे झाकून आदिजे नदीचं खोरं. इटलीत आहे, पण वरच्या भागात लोक जर्मन बोलतात आणि नदीला एत्श म्हणतात. रेशन खिंडीपासून, म्हणजे सुमारे १,५०० मीटरवरून, वाट खाली येते ती माल्स, मेरानो, बोल्झानो करत पार ट्रेंटोच्याही पुढे जाते. बहुतेक ठिकाणी सायकलसाठी वेगळी वाट आहे. मधे गावातून जाताना थोडा साधा रस्ता लागतो, तेवढंच.

खिंडीखालच्या तलावात चर्चचा एक जुना मनोरा उभा दिसतो. १९५० मध्ये धरणाचं पाणी भरलं तेव्हा ग्राउन गाव बुडालं, उरला तो हा चौदाव्या शतकातला मनोरा. पर्यटक फोटो काढतात. मला गोसीखुर्दच्या बुडीत गावांची आठवण आली आणि मोबाईल खिशातून काढावासाच वाटला नाही.

माल्स ते मेरानो साधारण ६० किमी, उतार सुमारे ७०० मीटरचा. मेरानो समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या नागपूरइतकंच. तेवढ्याच उंचीवर डोक्यावर बर्फाचे डोंगर बघताना जरा अन्याय झाल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा. काटोल-नरखेडच्या संत्राबागा आठवा, फक्त झाडं तारेवर बांधून रांगेत उभी केलेली.

विदर्भवाटसरू

काऊन बाप्पा, विमानाने कायले जाता? आपल्या पेंचनं काय बिघडवलं? पारशिवनीहून नवेगाव खैरीच्या धरणापर्यंत पहाटे जाऊन पहा. माणूस दिसत नाही.

त्रिमूर्तीनगरवाली

भाऊ, दर महिन्याला जातो तिकडे. पण परतताना आठ वाजले की मोठ्या रस्त्याला लागावंच लागतं, आणि तिथे पुन्हा माझे खांदे कानाला. लेकीकडे तर जायचंच आहे ना!

उतारावर_ब्रेक

पॅडलपंतांशी सहमत, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. जागेपेक्षा दिशा आणि वेळ महत्त्वाची.

मी चूक केली ती अशी. मला वाटलं नदीकाठची वाट, सपाटच असणार. म्हणून मेरानोहून माल्सकडे उलटा निघालो. मेरानोच्या वर टोल नावाच्या गावापाशी सायकलवाटेलाच नागमोडी वळणं आहेत, तिथेच दम निघाला. पुढे दुपारी वरच्या खोऱ्यातून समोरून वारा सुरू झाला. त्या भागातली काही झाडं वाऱ्याने एका बाजूला झुकलेलीच वाढलीत, ती बघूनच कळायला हवं होतं. शेवटचे १५ किमी मला दोन तास लागले, आणि समोरून सत्तरीच्या आजीबाई शीळ घालत उतरत होत्या. म्हणून सकाळी रेल्वेने सायकलीसकट माल्सला जायचं आणि सायकलवर खाली यायचं. माणसाचं तिकीट वेगळं, सायकलीचं वेगळं. बऱ्याच हॉटेलांत पाहुण्यांना पास देतात, त्यावर तिथल्या बस आणि लोकल रेल्वे फुकट. सायकलीचं तिकीट मात्र त्यातही काढावं लागतं. या मार्गावर विद्युतीकरणाचं काम निघालेलं, त्यामुळे कधी गाडीऐवजी बस सोडतात. बुकिंगआधी तारखा नक्की बघा.

बोल्झानोच्या खाली उलटा प्रकार. तिथे दुपारी दक्षिणेकडून वारा येतो, त्याला ओरा म्हणतात. बोल्झानो ते ट्रेंटो म्हणजे साधारण ६५ किमी, सपाट, बंधाऱ्यावरून जाणारी मस्त वाट, पण सकाळी आठला निघून बारापर्यंत उरका. मधे सायकलवाल्यांसाठीच असलेले बिचिग्रिल नावाची उपाहारगृहं लागतात. एक खरं सांगतो, या टप्प्यात मोटरवे आणि रेल्वे शेजारूनच जातात. वाटेवर गाड्या नाहीत, पण आवाज आहे. ताई, तुम्हाला आवाजाचाच त्रास होत असेल तर हा टप्पा सोडा.

सायकलवेडी_धरमपेठ

सप्टेंबरात सफरचंदांची तोडणी असते, त्यामुळे वाटेवर पेट्या लादलेले ट्रॅक्टर येतात. हळू येतात, हात करून बाजूला होतात. घाबरू नका. आणि हो, झाडावरचं तोडून खाऊ नका, काटोलला कोणी तुमच्या बागेतलं संत्रं तोडलं तर कसं वाटेल? विकायला ठेवलेली असतात, ती घ्या.

भाड्याच्या सायकलबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिथे बहुधा डाव्या हाताला असतो. दुकानातून निघतानाच एकेक दाबून कुठलं चाक थांबतं ते बघा. माझ्या मैत्रिणीने पहिल्याच वळणावर सवयीने चुकीचा दाबला आणि द्राक्षाच्या वेलीत जाऊन बसली. तिला काही झालं नाही, वेल मात्र मोडला. आणि उजवीकडून चालवायचं, हे पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी स्वतःशी म्हणा.

पॅडलपंत

घाटाचं विसरलोच. तुमच्या साहेबांसाठी त्याच खोऱ्यात स्टेल्व्हिओ आहे. प्राड गावातून सुरू होतो, ४८ वळणं, प्रत्येक वळणावर नंबर, माथा २,७५७ मीटर. चढाई सुमारे २५ किमी आणि १,८०० मीटरच्या वर. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला असाल तर हिशेब सोपा: असे अडीच चिखलदरे एकावर एक. शिवाय तिथे वर हवा विरळ.

हा घाट गाड्यांना खुला आहे, मोटारसायकलींची गर्दी असते. वर्षातून एकदा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तो सायकलींसाठी राखतात. तारीख जुळली तर सोनं. नाही जुळली तर साहेबांनी सहा-सातला निघावं.

राहायला प्राडच घ्या. साहेब घाटात जातील, तुम्ही सायकलवाटेने ग्लुर्न्सला जा. छोटंसं गाव, चारही बाजूंची जुनी तटबंदी अजून शाबूत. वेशीतून सायकल हातात धरून आत जायचं, कॉफी घ्यायची, बसायचं. त्या भागात मधे थोडी बारीक खडी लागेल, २८ च्या टायरला चालते.

नवखा_४०३

मी अजून २० किमीच्या पुढे गेलेलो नाही. बायको आणि दहा वर्षांची पोरगी आहे. आम्हाला जमेल असं काही?

सायकलवेडी_धरमपेठ

तुम्हाला द्राव नदी. इटलीतल्या तोब्लाखहून ऑस्ट्रियातल्या लीन्त्सपर्यंत साधारण ४५ किमी, उतार इतका मंद की लेकरंही उतरतात. परत यायला रेल्वे. ऑगस्टमध्ये मात्र इटालियन कुटुंबांची सीताबर्डी होते तिथे. वेगात जायची ती वाट नव्हे.

विदर्भवाटसरू

गाड्या नाही पण माणसांचा ट्रॅफिक जाम. म्हनून तर म्हनतो, पेंच!

उतारावर_ब्रेक

😀 भाऊ, सप्टेंबरात जा, शाळा सुरू झाल्या की बरीच ओसरते.

ताई, तयारीबद्दल एक. नागपूर सपाट. आपण सेमिनरी हिल्सच्या चढाला घाट समजतो. चढायला पाय तयार होतात, उतरायला हात तयार नसतात. अर्धा तास सलग ब्रेक धरला की बोटं दुखतात. सिल्लेवानी घाटात ट्रक असतात, तिकडे नको. चिखलदऱ्याला जाऊन उतरताना ब्रेक सोडत-धरत यायची सवय करा, सतत दाबून नाही. घाई कशाला? आपल्या नागपूरच्या सायकलपटू अमित समर्थांनी २०१७ मध्ये सायकलवर अमेरिका आरपार केली, रेस अक्रॉस अमेरिका या शर्यतीत. ते ते आहेत. आपण थांबून फोटो काढणारे.

त्रिमूर्तीनगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. प्राडला चार रात्री, मेरानोला दोन, असं ठरवतोय. ट्रेंटोचा टप्पा सोडला.

नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. "अडीच चिखलदरे" ऐकून पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, या शनिवारी सायकली गाडीवर टाकून परतवाड्याला जाऊ, आधी एक तरी चिखलदरा होतोय का बघू. तिथे रस्त्यावर ट्रक असतील त्याचं काय, विचारलं. पहाटे पाचला चढायला लागू म्हणतोय. गजर मीच लावणार, हे गृहीत धरून.